तीस इंचांचे पाऊल

"चपला घट्ट आहेत का?"

पक्षकार समोर येऊन बसला की आमच्या वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न हा असे. कागद आणलेत का, तारीख कधीची, समोरच्याचा वकील कोण, हे सगळे नंतर. आधी ते टेबलाखाली वाकून समोरच्याचे पाय बघत. चपलेचा अंगठा तुटलेला दिसला तर म्हणत, "जाऊन शिवून या. मग बोलू." माणूस घटस्फोटासाठी पाथरीहून दोन जीपा बदलून सेलूच्या कोर्टात आलेला असे आणि हे त्याला चप्पल शिवायला पाठवत.

असा एखादा वकील तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याकडे जायचे म्हटले की माणूस घरूनच चिडून निघतो आणि तरी दुसऱ्या कोणाकडे जात नाही. आमचे साहेब सतरा वर्षे पायदळात होते. हवालदार म्हणून बाहेर पडले, छत्तिसाव्या वर्षी आपल्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर कायद्याच्या वर्गात बसले आणि पुढची पस्तीस वर्षे त्यांनी फक्त घरातली भांडणे घेतली. नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-भाऊ. फौजदारीला हात लावत नसत. "मारामारी सतरा वर्षं बघितली. आता भांडण बघू द्या," म्हणत. फौजेतली गोष्ट कोणी विचारली तर उत्तर एकच: "पहारा दिला. बाकी चालत होतो."

चालणे हीच त्यांची वकिली. दावा दाखल करायच्या आधी ते पक्षकाराला घेऊन कोर्टाच्या कंपाउंडला फेऱ्या मारत. "बसलेला माणूस आरामात खोटं बोलतो, काटेवाले," ते मला सांगत. "चालायला लावा. दम लागला की खोट्याला दम पुरत नाही."

काटेवाले म्हणजे मी. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर मी सव्वीस वर्षे नोकरीला आहे. कापसाची गाडी काट्यावर चढते, मी भरलेले वजन लिहितो. रिकामी होऊन परत चढते, ते वजा करतो. दहा किलोचा फरक वाटला तर गाडी पुन्हा चढवतो. मोंढ्यात माझ्यावर खूष कोणीच नाही, पण माझ्या पावतीवर कोणी भांडतही नाही. अशा माणसाला हे फेऱ्यांचे प्रकरण कसे पटावे?

पाथरीकडचे एक जोडपे मी स्वतः पाहिले आहे. नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, मध्ये साहेब. बोलायचे नाही, असा हुकूम. तिसऱ्या फेरीला बायकोला राहवेना.

"साहेब, ह्यांना म्हनावं जरा हळू चला. इथंबी म्होरं म्होरं पळायलेत."

"पळत न्हाई," नवरा म्हणाला. "साहेबाच्या पावलाला पाऊल लावायलोय."

"माझ्या पावलाला कधी लावलं का?"

साहेब जागच्या जागी थांबले. "ही तक्रार अर्जात नाही," म्हणाले. "अर्ज परत न्या. खरा लिहून आणा."

ती दोघे परत आली नाहीत. सुखाने नांदली की दुसऱ्या वकिलाकडे गेली, मला ठाऊक नाही. साहेबांना विचारले तर म्हणाले, "प्रत्येक गोष्टीचा ताळा लागत नसतो." मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

पण पूर्णेहून एक बाई आल्या होत्या, त्याही मला आठवतात. त्यांच्याबरोबर साहेबांची अर्धी फेरीसुद्धा झाली नाही. डावा पाय टाकताना बाई कमरेला हात लावत होत्या. साहेबांनी काही विचारले नाही. परत फिरले, स्वतःची खुर्ची त्यांना दिली, टायपिस्टला हाक मारली आणि त्याच दुपारी अर्ज कोर्टात गेला. म्हणजे नजर होती. नव्हती असे मी म्हणणार नाही.

नजरेपेक्षा त्यांना अभिमान पावलाचा होता. "तीस इंच," ते सांगत. "एक कमी नाही, एक जास्त नाही. फौजेने घालून दिलंय." भावाभावांच्या वाटण्यांत ते शेतात जाऊन बांध पावलांनी मोजत. सरकारी मोजणीची तारीख महिनोन् महिने लागत नाही, तोवर लोक साहेबांच्या पावलावर खुंट्या ठोकून मोकळे होत. साहेब चालून गेलेला बांध नांगराने सरकवायची कोणाची छाती होत नसे.

आता आमची भानगड. ती साधी होती, अवघड आम्ही केली.

वालूरच्या शिवारात आमचे वडिलोपार्जित शेत आहे. वडिलांच्या वेळच्या मोजणीच्या नकाशात पूर्व-पश्चिम लांबी आठशे फूट. वडील गेल्यावर पूर्वेचा अर्धा भाग थोरल्या भावाने, म्हणजे दादाने घ्यायचा, कारण त्याचा गोठा त्या बांधाला आहे, आणि पश्चिमेचा अर्धा मी, हे आधीच ठरले होते. अडले विहिरीवर. विहीर मध्याच्या जवळ. दादा म्हणे त्याच्या हद्दीत, मी म्हणे माझ्या. सामाईक ठेवा असे चार जणांनी सुचवले, पण तेव्हा दोघांनाही अख्खी हवी होती. एक दिवस दादाने माझ्या वाटेकऱ्याचा पाइप विहिरीतून उपसून बांधावर फेकला. मी तहसीलला अर्ज दिला. त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माय दादाकडे राहायची. सणावाराला माझ्याकडे येऊन गेली की तिचा अर्धा वेळ निरोप सांगण्यात आणि अर्धा ते सौम्य करण्यात जायचा.

मी साहेबांकडे गेलो तेव्हा कळले की दादा आठ दिवस आधीच येऊन गेला होता.

"एका घरातून दोन वकालतनामे मी घेत नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या वडिलांचा वकील होतो, तुम्हा दोघांचाही तोच. बुधवारी सकाळी सात वाजता शेतात. दोघंही. चपला घट्ट."

तेव्हा त्यांना चौऱ्याहत्तरावे लागले होते. मोटारसायकलवर बसवून नेतो म्हटले तर नाही. एस.टी.ने आले, फाट्यापासून चालत आले, बूट आरशासारखे. सातला पाच कमी असताना बांधावर उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "पिशवीत काय आहे, काटेवाले?"

"टेप आहे. शंभर फुटी."

"राहू द्या आत. टेप ताणते. पाऊल ताणत नाही."

आठशेचा निम्मा चारशे फूट. चारशे फूट म्हणजे तीस इंचांची एकशे साठ पावले. हिशोब बरोबर होता, त्यात माझी हरकत नव्हती. पूर्वेच्या बांधापासून साहेब निघाले. त्यांच्या मागे दादा, दादाच्या मागे मी. अठ्ठावन्न वर्षांचा दादा आणि त्रेपन्न वर्षांचा मी, कवायत शिकणाऱ्या पोरांसारखे "डावा, उजवा" करत ढेकळांतून चाललो. बाजूच्या शेतातल्या बाया खुरपी खाली ठेवून बघत होत्या. मी तोंडातल्या तोंडात पावले मोजत होतो. एकशे साठला साहेब थांबले, मीही एकशे साठलाच पोचलो होतो. खुंटी ठोकली. विहिरीचा कठडा खुंटीच्या पलीकडे, आठ फुटांवर.

"विहीर पश्चिमेला," साहेब म्हणाले. "धाकट्यांची."

मी जिंकलो होतो. तरी सवयीने म्हणालो, "साहेब, पश्चिमेच्या बांधाकडूनही एकदा मोजा. ताळा पडेल."

"शिपाई एकदाच मोजतो."

दादाने खुंटीकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले, मग साहेबांच्या बुटांकडे. तो आरडाओरडा करणार म्हणून मी सात मुद्दे कागदावर लिहून आणले होते. तो एवढेच म्हणाला, "साहेब म्हनतील तसं," आणि बैल सोडायला निघून गेला. सातपैकी एकही मुद्दा लागला नाही.

ते फार सोपे झाले, म्हणून मला झोप येईना. चौथ्या दिवशी दादा बाजाराला गेलेला पाहून मी टेप घेऊन एकटाच शेतात गेलो. बांधावर खिळा ठोकून टेपचे टोक अडकवले आणि मोजले. तीनशे त्र्याहत्तर फूट चार इंच. पुन्हा मोजले. तीनशे त्र्याहत्तर फूट तीन इंच. तिसऱ्यांदा, पुन्हा चार इंच. एकशे साठने भागले. साहेबांचे पाऊल तीस इंचांचे राहिले नव्हते. अठ्ठावीस झाले होते.

म्हणजे खरा मध्य खुंटीच्या सव्वीस फूट आठ इंच पश्चिमेला. विहीर खुंटीपासून आठ फुटांवर सुरू होते, सोळा फूट रुंद आहे, चोविसाव्या फुटाला संपते. अख्खी विहीर दादाच्या हद्दीत होती.

दोन दिवस मी कोणालाही काही बोललो नाही. हे लिहायला बरे वाटत नाही, पण दोन दिवस म्हणजे दोन दिवस. काट्यावर गाड्या चढत होत्या, उतरत होत्या, आणि मी स्वतःला सांगत होतो की चूक माझी नाही, टेप आणली होती, पिशवीत ठेवायला लावली. हे सगळे खरे होते. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याची गाडी मी वीस किलोंच्या फरकासाठी पुन्हा चढवली. तो वैतागून म्हणाला, "तुमी मापाला लय कडक, राव." त्यानंतर मला टेबलाशी बसवेना. जेवणाच्या सुट्टीत कोर्टात गेलो.

"पाऊल अठ्ठावीस इंच पडतंय, साहेब."

"कोणाचं?"

"तुमचं."

ते हसले. "अहो काटेवाले, तुमच्या काट्याखाली माती साचली असेल. साफ करून घ्या."

मी टेप काढली. म्हटले, इमारतीमागे मोटारसायकली लावतात तिथे चला, कोणी नसते. ते म्हणाले, "इथेच." भर दुपारी, पक्षकारांनी भरलेल्या आवारात, ते दहा पावले चालले. पंचवीस फूट यायला हवे होते. आले तेवीस फूट चार इंच. पुन्हा चालले, तेवढेच. तिसऱ्या वेळी चोवीस आले. मी आकडा सांगितला तर हात हलवून म्हणाले, "तो धरू नका. ओढून टाकलं होतं."

मग खुर्चीत बसले. बराच वेळ स्वतःचा गुडघा चोळत होते.

"कधीपासून असेल हो हे?" त्यांनी मला विचारले. मला. जणू मी ते कुठे लिहून ठेवले होते.

मी म्हणालो, "वाटणीपत्र अजून नोंदवलेलं नाही. दादाला तेवढं सांगा. खुंटी सरकवू."

"मी नाही सांगणार."

"चूक तुमची आहे, साहेब!"

"चूक माझी. ती मी निस्तरतो. विहीर तुमच्या पदरात पडलीय, ती तुम्ही निस्तरा. न बोलता मिळाली, ठीक. सोडायची तर तोंड उघडावं लागेल."

"आम्ही चौदा महिने बोललेलो नाही."

"मग आता पंधरावा लावायचा का?"

इतका राग मला कधी आला नव्हता. चूक यांची, माप माझे, विहीर माझी जाणार, आणि वर तोंडही मीच उघडायचे. तसाच मोटारसायकलवर वालूरला गेलो. दादा गोठ्यात कडबा तोडत होता. मला बघून त्याचा विळा थांबला.

"काय करायलास हितं? मोंढा बंद हाय का आज?"

"दादा, विहीर तुझी आहे. मी टेपने मोजलं."

"ठाऊक हाय."

मला वाटले त्याला समजले नाही. मी आकडे सांगू लागलो. त्याने विळ्यानेच मला थांबवले. "पाईप कुनी टाकले? म्या टाकले. ईस फुटाचा एक पाईप. बांधापासून हिरीपोतर एकोनीस पाईप आन् हातभर तुकडा. ईस, म्हंजी चारशे फूट, पुरे झाले असते तर तुझी. झाले न्हाईत."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलू? साहेब, तुमचं पाऊल आखूड झालं म्हनू? बाबाच्या तिरडीला खांदा दिलाय त्या मानसानं. म्या मागंच हुतो की, दिसायलं सगळं. गुडघा उचलना त्याचा. ढेकूळ आलं की पाऊल मागं पडायलं." तो कडबा तोडू लागला. "म्हनलं जाऊ दे. हीर का पळून जायलीय? तुझ्याकडंच जाईल. पन राग लय आला."

"साहेबांचा?"

"तुझा! एवढा मापाचा मानूस तू, मागं मुकाट चाललास. तुला दिसू न्हाई?"

मला दिसले नव्हते. मी पावले मोजत होतो, पायांकडे माझे लक्ष नव्हते. तेवढ्यात आतून माय ओरडली, "आरं, ते बोलायलेत का भांडायलेत? च्याचं आदन ठिवू का नको?"

"ठिव," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पानी दोघाचं ठिवू. हद्द माझी लिही. मला हद्दीचाच राग हुता."

वाटणीपत्र पुन्हा लिहिले गेले. साहेबांनी त्यात एक वाक्य स्वतःच्या हाताने घातले: आधीची खुंटी वकिलाच्या पावलाच्या चुकीमुळे चुकीच्या जागी पडली होती, ती रद्द. नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला, साहेब, याची काही गरज नाही. "असू द्या," साहेब म्हणाले. "पुढच्या वाचणाऱ्याला कळू द्या, आधीची का उपटली."

इथपर्यंत सगळे शोभण्यासारखे झाले, म्हणून की काय, त्यांनी पुढची ओळ घातली. सोमवार ते बुधवार पाणी थोरल्याचे, गुरुवार ते शनिवार धाकट्याचे, रविवारी मोटर बंद.

"रविवार का?" आम्ही दोघे एकदम म्हणालो. चौदा महिन्यांत आमचे पहिले एकमत.

"फौजेत खेचरालाही रविवारी सुट्टी असते."

"साहेब, वर्षाचे बावन्न दिवस वाया जातील!"

"विहीर म्हणजे तुमचा काटा नाही. तिला भरायला वेळ लागतो. सही करा."

आम्ही सही केली. न करून सांगतो कोणाला?

त्यानंतर साहेबांनी नवी प्रकरणे घेणे बंद केले. मागच्या काही वर्षांत पावलांनी मोजलेल्या आणि अजून सरकारी मोजणी न झालेल्या शेतांची यादी त्यांनी काढली. बारा निघाली. "काटेवाले, रविवारी काय करताय?" असा फोन यायचा. टेपचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो, आणि चूक मी काढली होती. माझे अकरा रविवार गेले. कोणत्याही गावात ते आधी बांधावर उभे राहून मोठ्याने सांगत, "मी चुकलो होतो. पुन्हा मोजतो." बहुतेकांनी चहा पाजला. एकाने मात्र तोंडावर सांगितले, "साहेब, तुमी आला नसता तर आमाला कळलंच नसतं. सुखानं ऱ्हायलो हुतो. आता पुन्यांदा भांडान लागलं." साहेब टोपी हातात घेऊन ते सगळे ऐकत राहिले. येताना एस.टी.त मी म्हणालो, त्याचे खरे आहे. ते म्हणाले, "त्याचंही खरं आहे," आणि यादीतले पुढचे गाव काढले.

बारावे शेत पूर्णेकडचे होते. ते राहिले. मागच्या हिवाळ्यात साहेब सकाळी बूट घालायला ओट्यावर बसले, तिथेच गेले. पत्ता माझ्याकडे आहे. मी अजून गेलो नाही. जाईन.

आता रविवारची अट काढून टाकायला आमच्या दोघांच्या सह्या पुरेशा आहेत. स्टॅम्पपेपर आणून कपाटात ठेवला आहे, मसुदाही मी लिहिला आहे. दादा दर महिन्याला विचारतो, मी दर महिन्याला म्हणतो, बघू.

परवाच्या रविवारी त्याचा फोन आला. दिवसाची लाइट होती, गव्हाला पाणी हवे होते. मी गेलो. दहा वाजले होते. विहीर काठापासून चार हातांवर भरलेली. आम्ही कठड्यावर बसलो.

"करावं का चालू?" दादा म्हणाला. "कोन बघायलंय?"

"कर," मी म्हणालो.

तो उठून मोटरीपाशी गेला. बटणावर हात ठेवून उभा राहिला, पाण्यात डोकावून पाहिले, आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला. समोर माझा गहू माना टाकून उभा होता, पाठीमागे त्याचा. सोमवार लागायला अजून चौदा तास होते.